कर्नलमधला पर-सीपीयू डेटा: सारखे विचारले जाणारे प्रश्न

उदाहरणं जास्त करून लिनक्सची दिलीयत, कारण त्याचा सोर्स कुणालाही उघडून बघता येतो. बाकीच्या कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) नावं वेगळी असली तरी भानगड तीच आहे.

प्रश्न: पर-सीपीयू डेटा म्हणजे नक्की काय?

नाव एकच, पण जितके सीपीयू तितक्या त्या व्हेरिएबलच्या कॉप्या, आणि प्रत्येक सीपीयूने फक्त आपल्याच कॉपीला हात लावायचा, बस एवढंच. समजा नेटवर्कवरून आलेली पॅकेट मोजायचीयत, तर सगळ्यांनी मिळून एका आकड्यात भर घालण्यापेक्षा ज्या सीपीयूवर पॅकेट आलं त्याने आपला आकडा वाढवायचा आणि कुणी विचारलं की तेव्हा सगळ्यांची बेरीज करून सांगायची. लिहिणं एकदम स्वस्त होतं आणि वाचणं महाग होतं. हा सौदा तुम्हाला परवडतो का हे आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. ज्या गोष्टीत सेकंदाला लाखो वेळा लिहिलं जातं आणि वाचलं कधीतरी जातं तिथे हे फिट बसतं, उलटं असेल तर नाही.

प्रश्न: अॅटॉमिक वापरलं की झालं ना, त्यात लॉक कुठे असतो?

अॅटॉमिक म्हणजे वाचणं, बदलणं, लिहिणं एका दमात, मध्ये दुसरा कुणी घुसत नाही. तिथे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) दिसत नाही पण किंमत मोजावीच लागते. सीपीयूला एखादी जागा बदलायची असेल तर ती ज्या कॅश लाइनमध्ये आहे (कॅश एका वेळी आणते तेवढा मेमरीचा तुकडा, एक्स८६ म्हणजे इंटेल-एएमडीच्या सीपीयूवर ६४ बाइट) ती लाइन आधी फक्त त्याच्याकडे असावी लागते, बाकीच्यांच्या कॅशमधली कॉपी बाद होते. आता ३२ कोअर एकाच काउंटरमध्ये अॅटॉमिक भर घालायला लागले की ती लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे नुसती फिरत राहते, आणि बाकीचे ३१ आपली पाळी यायची वाट बघत बसतात. आकडा बरोबर येतो, चुकत नाही, पण कोअर वाढवले तरी काम वाढत नाही, कधी कधी तर कमीच होतं. दोन सॉकेटचं (दोन वेगळ्या प्रोसेसर चिपचं) मशीन असेल तर आणखी वाईट.

लिनक्समधलं याचं जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे शेड्युलर, म्हणजे कुठलं टास्क कुठल्या सीपीयूवर चालवायचं ते ठरवणारा भाग. २.४ पर्यंत अख्ख्या मशीनला एकच रनक्यू (चालायला तयार टास्कची रांग) आणि त्यावर एकच लॉक होता, मग २००२ मध्ये २.५ च्या डेव्हलपमेंटमध्ये इंगो मोल्नारचा ओ-वन शेड्युलर आला आणि प्रत्येक सीपीयूला स्वतःची रनक्यू मिळाली. आजही रनक्यू हा पर-सीपीयूच व्हेरिएबल आहे. त्यावर लॉक अजूनही आहे बरं का, कारण दुसऱ्या सीपीयूला त्यातलं टास्क उचलून न्यावं लागतं, पण रोजच्या कामात त्या लॉकसाठी भांडण होत नाही.

प्रश्न: मग साधा अॅरे घेतो, सीपीयूच्या नंबरने इंडेक्स करतो. चालेल का?

दोन कारणांनी नाही चालणार.

पहिलं कारण, चार बाइटचे इंट शेजारी शेजारी ठेवले की ६४ बाइटच्या एका लाइनीत १६ मावतात. म्हणजे तुम्हाला वाटतं १६ सीपीयूंना १६ वेगळ्या जागा दिल्या, पण हार्डवेअरला लाइन एकच दिसते आणि ती परत फिरायला लागते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात आणि हे सोर्स वाचून पटकन कळत नाही, प्रोफायलर लावला की कळतं. प्रत्येक खाना लाइनच्या मापाचा केला की हे सुटतं, पण मग चार बाइटच्या काउंटरसाठी साठ बाइट वाया. कर्नलची पद्धत जास्त हुशार आहे: सगळे पर-सीपीयू व्हेरिएबल एका वेगळ्या सेक्शनमध्ये गोळा करायचे आणि बूट होताना तो अख्खा सेक्शनच प्रत्येक सीपीयूसाठी कॉपी करायचा. म्हणजे सीपीयू तीनचे सगळे काउंटर एकमेकांना चिकटून राहतात, आणि शेजारी कोण तर तीनचेच दुसरे काउंटर. जागा वाया जात नाही आणि भांडणही नाही. शिवाय ती मेमरी त्या सीपीयूच्या जवळच्या नोडवरून (मेमरीच्या गटातून) घेता येते, अॅरेमध्ये ते जमत नाही.

दुसरं कारण जास्त त्रासदायक आहे, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न: माझी कॉपी माझीच आहे, तर रेस कशी काय होते?

रेस म्हणजे दोघांनी एकाच वेळी हात लावल्याने आकडा बिघडणं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पर-सीपीयू म्हणजे दुसऱ्या सीपीयूपासून सुटका, स्वतःपासून नाही. तुमचं टास्क एका सीपीयूला बांधलेलं नसतं, ते मध्येच काढून दुसरीकडे टाकलं जाऊ शकतं.

सावकाश बघू. टास्क ए सीपीयू २ वर चालू आहे. त्याने आपला नंबर विचारला, उत्तर आलं २. त्याने अॅरेतल्या दोन नंबरच्या खान्यातून ४१ वाचला. आता शेड्युलरने त्याला उठवून सीपीयू ५ वर टाकलं, आणि सीपीयू २ वर टास्क बी आलं. बी ने पण ४१ वाचला, ४२ लिहिला, परत वाढवून ४३ केला. तिकडे ए ला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्या रजिस्टरमध्ये अजून ४१ आहे, तो ४२ करतो आणि सीपीयू २ च्याच खान्यात लिहितो, कारण पत्ता आधीच काढून ठेवलाय. ४४ असायला हवं तिथे ४२. दोन वेळा मोजलेलं गायब, आणि कुठे काही क्रॅश नाही की लॉगमध्ये ओळ नाही.

जुन्या लेखांमध्ये नंबर विचारून अॅरे वापरलेला कोड सर्रास दिसतो आणि लोक तो उचलून आणतात. तो त्या काळी बरोबर होता! कर्नल कोड चालू असताना प्रीएम्प्ट होणं (शेड्युलरने मध्येच थांबवून दुसरं टास्क चालवणं) लिनक्समध्ये २००२ मध्ये २.५.४ ला आलं, त्याआधी कर्नलमधला कोड स्वतःहून झोपल्याशिवाय हलत नव्हता.

प्रश्न: मग बरोबर कसं लिहायचं?

सगळ्यात साधा प्रकार, व्हेरिएबल डिफाइन_पर_सीपीयू ने बनवा आणि धिस_सीपीयू_इंक ने वाढवा. एक आकडा वाढवणं, कमी करणं, बदलणं एवढंच असेल तर याच्या पलीकडे जायची गरज नाही, प्रीएम्प्शन पण बंद करायला लागत नाही.

एकापेक्षा जास्त फील्ड एकत्र बदलायच्या असतील, म्हणजे पॅकेटची संख्या आणि बाइट दोन्ही, आणि ते एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असं असेल, तर गेट_सीपीयू_पीटीआर ने पॉइंटर घ्या, काम करा, पुट_सीपीयू_पीटीआर करा. घेताना प्रीएम्प्शन बंद होतं, देताना चालू होतं. मधला वेळ कमीत कमी ठेवा.

आणि ज्यांच्या नावाआधी दोन अंडरस्कोर आहेत ते प्रकार, त्यांचा अर्थ "संरक्षण मी आधीच केलंय, तू फक्त काम कर" असा आहे. थोडं फास्ट असतं म्हणून ते उचलू नका, एक्स८६ वर तर बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्या आर्किटेक्चरवर बग होऊन बसतो.

प्रश्न: प्रीएम्प्शन बंद न करता धिस_सीपीयू_इंक सेफ कसं काय?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. ६४ बिट एक्स८६ वर कर्नल जीएस नावाच्या सेगमेंट रजिस्टरचा बेस त्या त्या सीपीयूच्या पर-सीपीयू भागाकडे लावून ठेवतो. मग काउंटर वाढवणं म्हणजे फक्त एकच इन्स्ट्रक्शन: जीएस बेस अधिक व्हेरिएबलचा ऑफसेट, त्या जागी एक मिळव. पत्ता काढणं, वाचणं, मिळवणं, लिहिणं सगळं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये. इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) एकतर तिच्या आधी येणार नाहीतर नंतर, मध्ये येऊच शकत नाही. आणि लॉक प्रीफिक्स (इन्स्ट्रक्शन अॅटॉमिक करणारी खूण) लागत नाही कारण दुसरा कुठला सीपीयू तिथे लिहितच नाही.

मग कुणीतरी विचारतंच, की इन्स्ट्रक्शनच्या अगदी आधी टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेलं तर? गेलं तर तिथला जीएस वेगळा, तिथला काउंटर वाढतो. बेरीज तीच राहते, बिघडलं काहीच नाही.

एआरएम६४ वर असं मेमरीत थेट भर घालणारं साधं इन्स्ट्रक्शन नाही, तिथे ऑफसेट टीपीआयडीआर नावाच्या सिस्टम रजिस्टरमध्ये असतो आणि कर्नल क्षणभर प्रीएम्प्शन बंद करून एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरची जोडी नाहीतर नवीन अॅटॉमिक इन्स्ट्रक्शन वापरतो. ज्या आर्किटेक्चरकडे काहीच खास नाही तिथे सरळ इंटरप्ट बंद करून काम उरकतात. तुम्ही लिहिलेली ओळ सगळीकडे तीच, खाली किंमत वेगवेगळी.

जीएसची एक किंमत आहे ती पण सांगतो. युझर प्रोग्रामचा जीएस वेगळा असतो, त्यामुळे कर्नलमध्ये शिरताना स्वॅपजीएस नावाची इन्स्ट्रक्शन चालवावी लागते, पण इंटरप्ट आधीच कर्नलमध्ये असताना आला असेल तर चालवायची नाही. हा "जर-तर" एंट्री कोडमध्ये बसलाय आणि २०१९ मध्ये स्पेक्टरचा (सीपीयूच्या अंदाजाने पुढे धावण्याचा फायदा घेऊन माहिती चोरणाऱ्या हल्ल्याचा) एक प्रकार नेमका त्याच फांदीवर सापडला, सीव्हीई-२०१९-११२५.

प्रश्न: प्रीएम्प्शन बंद केलं, आता तरी निवांत?

इंटरप्ट राहिला ना. प्रीएम्प्शन बंद म्हणजे दुसरं टास्क येणार नाही, इंटरप्ट हँडलर येणारच. तोच डेटा हँडलर पण बदलत असेल तर लोकल_आयआरक्यू_सेव्ह लागतं. सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं उरलेलं काम नंतर करणारा भाग, यालाच बॉटम हाफ पण म्हणतात) बदलत असेल तर फक्त बॉटम हाफ बंद करून भागतं. आणि एनएमआय (अडवताच न येणारा इंटरप्ट) मध्ये वापरत असाल तर त्याला यातलं काहीच अडवत नाही, तिथे एकाच इन्स्ट्रक्शनवाले प्रकार किंवा वेगळा बफर, दुसरा उपाय नाही.

म्हणून कोड लिहायच्या आधी एकच यादी करा: या डेटाला कोण कोण हात लावतं, टास्क, सॉफ्टआयआरक्यू, हार्ड इंटरप्ट, एनएमआय. त्यातला जो सगळ्यात वरचा (टास्क सगळ्यात खाली, एनएमआय सगळ्यात वर) त्याच्या हिशोबाने संरक्षण.

प्रश्न: "यूझिंग एसएमपी_प्रोसेसर_आयडी इन प्रीएम्प्टिबल कोड" असा बग मेसेज येतोय, रॉ वालं (तपासणी न करता नंबर देणारं) फंक्शन टाकलं की जातो. ठीक आहे ना?

मेसेज जातो, बग तिथेच राहतो. डीबग_प्रीएम्प्ट कॉन्फिग चालू असताना कर्नल तुम्हाला सांगतोय की नंबर विचारलास पण तो वापरेपर्यंत तू याच सीपीयूवर असशील याची गॅरंटी नाही. रॉ प्रकार तेव्हाच वापरा जेव्हा नंबर चुकला तरी चालतो, म्हणजे कुठल्या क्यूमध्ये टाकायचं याचा नुसता अंदाज हवाय, किंवा लॉगमध्ये छापायचाय. स्टॅक ट्रेसमध्ये वरून दुसरी-तिसरी ओळ बघा, बहुतेक वेळा तिथेच कुणीतरी धिस_सीपीयू_पीटीआर उघड्यावर वापरलेला असतो.

याच्या उलटा बग म्हणजे "शेड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक". गेट_सीपीयू केलं (याने पण प्रीएम्प्शन बंद होतं) आणि आत जीएफपी_कर्नल ने (गरज पडली तर थांबून मेमरी देणारा प्रकार) मेमरी मागितली किंवा म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारा लॉक) घेतला, म्हणजे झोपायची शक्यता आली, आणि प्रीएम्प्शन बंद असताना झोपता येत नाही. मेमरी आधी घ्या, मग गेट_सीपीयू.

प्रश्न: लोकल_लॉक म्हणजे काय, आपल्याच डेटाला लॉक कशाला?

हे २०२० मध्ये ५.८ ला आलं. साध्या कर्नलमध्ये लोकल_लॉक म्हणजे प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट बंद करणंच, वेगळं काही नाही. फायदा दोन गोष्टींचा. एक, प्रीएम्प्शन बंद केलंय ते कुठल्या डेटासाठी हे कोडमध्ये लिहिलेलं दिसतं आणि लॉकडेपला (लॉक बरोबर वापरलेत का ते तपासणारं कर्नलचं साधन) तपासता येतं, नुसत्या प्रीएम्प्ट_डिसेबलमध्ये पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही ते कशासाठी होतं. दोन, प्रीएम्प्ट_आरटी (वेळेची हमी लागणाऱ्या कामांसाठीचा रिअल-टाइम प्रकार), जे २०२४ मध्ये ६.१२ ला मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मुख्य सोर्समध्ये) पूर्ण आलं, तिथे हेच लोकल_लॉक खरोखरचा पर-सीपीयू लॉक होतो आणि टास्क प्रीएम्प्ट होऊ शकतं, फक्त दुसऱ्या सीपीयूवर जात नाही. आरटीमध्ये स्पिनलॉक (एरवी न झोपता जागीच वाट बघायला लावणारा लॉक) पण झोपू शकतो, त्यामुळे गेट_सीपीयू करून आत स्पिनलॉक घेणारा जुना कोड तिथे तुटतो. नवीन कोडमध्ये, एकाच इन्स्ट्रक्शनचं काम नसेल तर, मी तरी लोकल_लॉकच सुचवेन.

प्रश्न: बेरीज करताना आकडा कमी-जास्त येतो, एका सीपीयूचा तर निगेटिव्ह आहे. कोड चुकलाय का?

निगेटिव्ह असणं चूक नाही. बफर सीपीयू ० वर घेतला आणि सीपीयू ३ वर सोडला की ० वर अधिक एक, ३ वर उणे एक. एकट्या आकड्याला अर्थच नाही, अर्थ फक्त बेरजेला.

पण एक खरी चूक इथे लपते. काउंटर ६४ बिटचा आहे आणि वजा करायची संख्या ३२ बिट अनसाइन्ड आहे, तिला उणे लावून तुम्ही धिस_सीपीयू_अॅड ला दिली. उणे १ आधी ३२ बिटमध्येच काढला जातो, त्याचे होतात ४२९४९६७२९५, आणि तो आकडा तसाच ६४ बिटमध्ये मिळवला जातो. एक कमी व्हायच्या ऐवजी चार अब्जांहून जास्त वाढले. लिनक्सच्या वजाबाकीच्या मॅक्रोमध्ये आधी टाइप बदलून मग उणे चिन्ह लावलंय ते याचसाठी, तर वजाबाकीला वजाबाकीचाच मॅक्रो वापरा.

बाकी, बेरीज चालू असताना बाकीचे सीपीयू थांबत नाहीत, त्यामुळे उत्तर कुठल्याच एका क्षणाचं नसतं. आकडेवारीला ते चालतं. ३२ बिट मशीनवर ६४ बिट काउंटर असेल तर अर्धा जुना अर्धा नवा असा पण वाचला जाऊ शकतो, त्याला यू६४_स्टॅट्स_सिंक आहे.

प्रश्न: आणि अचूक आकडा लागत असेल तर?

अधूनमधून लागत असेल तर परसीपीयू_काउंटर बघा. प्रत्येक सीपीयू आपल्याकडे थोडं साठवतो आणि बॅचपेक्षा जास्त झालं की मुख्य आकड्यात टाकतो. बॅच म्हणजे ३२ किंवा सीपीयूच्या दुप्पट, जे मोठं असेल ते. ६४ सीपीयू असतील तर बॅच १२८, म्हणजे पटकन वाचलेला आकडा साधारण ८१९२ पर्यंत चुकू शकतो. एक्स्ट४ या फाइलसिस्टमने हे छान वापरलंय: डिस्कवर भरपूर जागा आहे तोपर्यंत अंदाजे आकड्यावर काम चालू, आणि मोकळे ब्लॉक एका मर्यादेच्या खाली आले (ती मर्यादाच बॅच गुणिले सीपीयू गुणिले चार अशी आहे) की मग सगळ्या सीपीयूंची बेरीज करून अचूक आकडा काढायचा. महाग काम फक्त गरज पडेल तेव्हा.

रेफरन्स काउंटसाठी (एखादी वस्तू किती जण वापरतायत त्याच्या आकड्यासाठी) परसीपीयू_रेफ आहे. शून्य झाला का हे पर-सीपीयू मोडमध्ये विचारताच येत नाही, म्हणून बंद करायची वेळ आली की किल करायचं, तेव्हा तो अॅटॉमिक मोडमध्ये जातो आणि मग शून्याची वाट बघतो. सतत अचूक शून्य तपासायचंय तर पर-सीपीयू तुमच्यासाठी नाहीच, साधा अॅटॉमिक घ्या.

प्रश्न: दुसऱ्या सीपीयूच्या कॉपीत लिहायचंय.

शक्यतो नको. तुम्ही तिकडून लिहिलं की त्याची एकच इन्स्ट्रक्शनवाली सगळी गॅरंटी गेली, कारण त्याने लॉक प्रीफिक्स लावलेला नाही, तो गृहीत धरून बसलाय की इथे मी एकटाच आहे. रीसेट करायचे असतील तर त्या सीपीयूवरच फंक्शन चालवा, एसएमपी_कॉल_फंक्शन_सिंगल किंवा वर्कक्यू. त्याहून सोपं, रीसेट करूच नका, जुनी बेरीज बाजूला लिहून ठेवा आणि फरक दाखवा.

प्रश्न: सीपीयू ऑफलाइन केला तर त्याचा डेटा जातो का?

मेमरी जात नाही. कॉप्या पॉसिबल (मशीनमध्ये कधीतरी चालू होऊ शकतील अशा) सीपीयूंच्या असतात, फक्त ऑनलाइनच्या नाही, त्यामुळे आकडा तिथेच पडून राहतो. म्हणून बेरीज करताना फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू, ऑनलाइनवालं लूप लावलं की सीपीयू बंद केल्यावर तुमचा एकूण आकडा अचानक खाली येतो.

काउंटर पडून राहिला तर ठीक, पण ठेवलेल्या वस्तू असतील, म्हणजे मोकळी पेजेस, क्यूमधली कामं, तर त्या अडकतात. पेज अॅलोकेटर यासाठी सीपीयू मेल्यावर त्याच्या यादीतली पेजेस परत मुख्य यादीत टाकतो. तुम्हाला पण सीपीयूएचपी_सेटअप_स्टेट ने तसा कॉलबॅक लावावा लागेल.

प्रश्न: मेमरी किती खातं हे?

बूट लॉगमध्ये बघा, अशी एक ओळ सापडेल: "परसीपीयू: एम्बेडेड ५६ पेजेस/सीपीयू एस१९२५१२ आर८१९२ डी२८६७२ यू२६२१४४". एस म्हणजे कर्नलमधले कायमचे व्हेरिएबल, आर म्हणजे मॉड्यूलच्या व्हेरिएबलसाठी राखीव ८ केबी, डी म्हणजे नंतर मागणाऱ्यांसाठी. तिन्हींची बेरीज २२९३७६ बाइट, म्हणजे ४०९६ बाइटच्या बरोबर ५६ पेजेस. यू म्हणजे प्रत्येक सीपीयूला दिलेली जागा, २५६ केबी. ती राखीव जागा लक्षात ठेवा, मॉड्यूलमध्ये मोठं स्ट्रक्चर डिफाइन_पर_सीपीयू केलं तर मॉड्यूल लोडच होत नाही, तिथे अलॉक_परसीपीयू वापरा. त्याला पण एका वेळी ३२ केबीची मर्यादा आहे, मोठा बफर हवा असेल तर फक्त पॉइंटर पर-सीपीयू ठेवा.

चालू सिस्टमवर प्रोक मेमइन्फोमध्ये परसीपीयू नावाची ओळ आहे. ती फुगलेली दिसली तर दोन संशयित: हजारो सीग्रुप (प्रोसेसचे गट करून त्यांच्यावर मर्यादा घालायची सोय, प्रत्येकाचे पर-सीपीयू आकडे असतात), नाहीतर व्हर्च्युअल मशीन, जिथे चार सीपीयू दिलेत पण हायपरवायझर सांगतो की पुढे शंभरएक लागू शकतात, आणि कर्नल बिचारा सगळ्या शंभरांसाठी जागा धरतो. पॉसिबल_सीपीयूज हा बूट पॅरामीटर त्यासाठीच आहे.

प्रश्न: विंडोज, फ्रीबीएसडी वगैरेमध्ये काय?

विंडोजमध्ये प्रत्येक सीपीयूसाठी केपीसीआर नावाचं स्ट्रक्चर आणि त्याच्या आत केपीआरसीबी, ६४ बिटवर जीएस आणि ३२ बिटवर एफएस मधून. फ्रीबीएसडीमध्ये पीसीपीयू स्ट्रक्चर आणि काउंटरसाठी वेगळी लायब्ररी. शिकायचं असेल तर एक्सव्ही६ (शिकवण्यासाठी बनवलेलं छोटं कर्नल) उघडा, तिथे आठ सीपीयूंचा सरळ अॅरे आहे आणि मायसीपीयू बोलावताना इंटरप्ट बंद असले पाहिजेत अशी अट, बस. फास्ट नाही पण अर्ध्या तासात पूर्ण कळतं.

प्रश्न: बीपीएफचा पर-सीपीयू मॅप युझरस्पेसमधून वाचला की प्रोग्राम क्रॅश होतो.

बीपीएफ म्हणजे कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय आणि युझरस्पेस म्हणजे कर्नलच्या बाहेरचे साधे प्रोग्राम. तुमचा बफर लहान पडतोय. कर्नल एका कीसाठी सगळ्या पॉसिबल सीपीयूंच्या व्हॅल्यू एकदम लिहितो, ऑनलाइनच्या नाही, आणि प्रत्येक व्हॅल्यू आठच्या पटीत वाढवून. चार बाइटची व्हॅल्यू आणि १६ पॉसिबल सीपीयू असतील तर १२८ बाइट लागतात, ६४ नाही.

प्रश्न: युझरस्पेसमध्ये असं काही करता येतं का?

प्रीएम्प्शन बंद करायचा हक्क तिथे नाही, म्हणून उलटा मार्ग काढलाय. रीस्टार्टेबल सीक्वेन्स, आरसेक, २०१८ मध्ये ४.१८ ला आलं. तुम्ही कोडचा छोटा तुकडा कर्नलला दाखवून ठेवता, त्याची शेवटची इन्स्ट्रक्शन म्हणजे प्रत्यक्ष लिहिणं. तुकडा अर्धवट असताना टास्क हललं, प्रीएम्प्ट झालं किंवा सिग्नल आला तर कर्नल तुम्हाला थेट अॅबॉर्टच्या पत्त्यावर पाठवतो, तिथून परत पहिल्यापासून. जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३५ पासून प्रत्येक थ्रेडची नोंदणी आपोआप करते, आणि टीसीमॅलॉक (गूगलचा मेमरी अॅलोकेटर) याच्याच जोरावर पर-सीपीयू कॅश चालवतो. तुकडा असेंब्लीत लिहावा लागतो, त्यामुळे स्वतः लिहिण्यापेक्षा लिबआरसेक वापरा.